फ्रेमवर्कवर आधारित वेब ॲप्लिकेशनची कार्यक्षमता

रूबी ऑन रेल्स (२००४), जँगो (२००५), लाराव्हेल (२०११) यांसारख्या फ्रेमवर्कवर (वेब ॲप्लिकेशनच्या तयार सांगाड्यांवर) उभारलेले ॲप्लिकेशन लवकर उत्तर देईल आणि वाढता भार पेलेल, यासाठी केलेले मोजमाप व बदल या विषयात येतात. ॲप्लिकेशन रेंगाळू लागले की खापर बहुधा फ्रेमवर्कवर फुटते. प्रत्यक्षात बराचसा वेळ डेटाबेसची किंवा बाहेरच्या एखाद्या सेवेची वाट पाहण्यात जातो. फ्रेमवर्कचा खरा दोष वेगळाच आहे: महागडे काम तो इतक्या सोप्या ओळीमागे झाकतो, की लिहिणाऱ्याला खर्चाचा पत्ताच लागत नाही.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘एन अधिक एक’ क्वेरी (क्वेरी म्हणजे डेटाबेसकडे केलेली मागणी). समजा, एका पानावर ५० लेखांची यादी आहे आणि प्रत्येकापुढे लेखकाचे नाव दाखवायचे आहे. टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) ते नुसते एक गुणधर्म वाचल्यासारखे दिसते. पण पहिल्या क्वेरीत लेखकांची माहिती आणलेली नसल्याने ओआरएम (कोड आणि डेटाबेस यांना जोडणारा फ्रेमवर्कचा भाग) दर लेखामागे डेटाबेसकडे नवी फेरी मारतो. यादीची एक आणि लेखकांच्या ५०, अशा एकूण ५१ क्वेरी. फेरीला २ मिलिसेकंद धरले तरी १०० मिलिसेकंद एवढ्यातच गेले. डेव्हलपरच्या मशीनवर दहाच नोंदी असतात आणि डेटाबेसही तिथेच असतो, म्हणून हे तिथे जाणवत नाही. उपाय म्हणजे संबंधित नोंदी आधीच मागवणे. जँगोत ‘सिलेक्ट रिलेटेड’ जॉइन करून (टेबले जोडून) एकाच क्वेरीत काम उरकते, तर ‘प्रीफेच रिलेटेड’ वेगळी क्वेरी चालवून जुळणी पायथॉनमध्ये करते. रेल्समध्ये ‘इन्क्लूड्स’ आणि लाराव्हेलमध्ये ‘विथ’ आहे. मात्र भीतीपोटी सगळेच आधी मागवले, तर न लागणाऱ्या नोंदींनी मेमरी भरते. रेल्स ६.१ पासून ‘स्ट्रिक्ट लोडिंग’ लावले की अशी चोरटी क्वेरी थेट एरर देते. नव्या प्रकल्पात हे सुरुवातीपासूनच लावलेले बरे.

क्वेरी मोजक्या असूनही संथ असतील, तर ‘एक्स्प्लेन’ ही क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा चालवून डेटाबेस पूर्ण टेबल चाळतो आहे का, ते पाहतात. योग्य कॉलमवरचा इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्याची सूची) इथे मोठा फरक पाडतो, पण प्रत्येक इंडेक्समुळे नोंदी लिहिण्याचे काम थोडे वाढते. पानांच्या विभागणीतही एक छुपा खर्च आहे. ‘ऑफसेट १,००,०००’ म्हटल्यावर तेवढ्या ओळी ओलांडून टाकून द्याव्या लागतात. त्याऐवजी मागच्या पानावरच्या शेवटच्या आयडीपासून पुढे मागितले, तर इंडेक्सच्या आधारे थेट तिथे पोहोचता येते.

कॅशिंगचा, म्हणजे तयार उत्तर साठवून पुन्हा वापरण्याचा, मोह लवकर होतो. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नलसाठी मेमकॅश्ड लिहिले, २००९ मध्ये रेडिस आले. कॅशची ही दोन्ही साधने आज प्रमुख फ्रेमवर्कमध्ये सहज जोडता येतात. साठवणे सोपे, शिळे कधी झाले हे ठरवणे अवघड. एखाद्या लोकप्रिय पानाची मुदत संपताच शेकडो विनंत्या एकदम डेटाबेसवर आदळू शकतात. साठवलेल्या उत्तराची ‘की’ (ओळखनाव) बनवताना वापरकर्त्याचा आयडी राहून गेला, तर एकाची माहिती दुसऱ्याला दिसते. त्यामुळे संथ क्वेरी तशीच ठेवून वर कॅश चढवणे हा उपचार नव्हे, झाकपाक आहे.

ईमेल, पीडीएफ, चित्रांचा आकार बदलणे ही कामे रांगेत टाकून पार्श्वभूमीवर करतात. त्यासाठी साइडकिक, सेलरी अशी साधने आहेत. सेटिंगकडेही पाहावे लागते: जँगोत ‘डीबग’ (चुका शोधण्यासाठीचे सेटिंग) चालू राहिले तर प्रत्येक एसक्यूएल क्वेरीची नोंद मेमरीत ठेवली जाते.

मोजताना सरासरी फसवी ठरते, कारण मोजक्या अतिसंथ विनंत्या तिच्यात विरून जातात. म्हणून ९५ वा शतमक, म्हणजे ९५ टक्के विनंत्या ज्या वेळेच्या आत पूर्ण होतात ती वेळ, पाहतात. ब्राउझरच्या बाजूने गूगलच्या निकषांनुसार पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा आणि क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा, तोही किमान ७५ टक्के भेटींत.

सर्व्हर वाढवणे हा पर्याय शेवटी येतो, आणि तोही उलटू शकतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एकाच वेळच्या जोडण्यांची मूळ मर्यादा १०० असते. प्रत्येकी ३० वर्करचे (विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रियांचे) चार सर्व्हर लावले आणि प्रत्येक वर्करने एक जोडणी धरून ठेवली, तर १२० होतात. वरच्या जोडण्या नाकारल्या जातात. मधे पीजीबाउन्सरसारखा पूलर ठेवून थोड्या जोडण्या सर्वांमध्ये वाटून वापरतात.