आधी अंगठा, मग सही

मार्चमधल्या एखाद्या रविवारी जिल्हा परिषदेच्या शाळेत नातवंडांच्या बाकांवर आज्या पेपर लिहीत बसलेल्या दिसल्या, तर ती ‘उल्लास’ची, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण. कार्यक्रम २०२२चा, पण थोरांच्या हाती पाटी देण्याचा खटाटोप आपल्याकडे फार जुना आहे.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. रात्रीची, कारण दिवस मालकाचा. पुढे १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, तेव्हा सरकारनंही प्रौढ शिक्षणात लक्ष घातलं.

खरी धामधूम झाली ती साताऱ्यात. १९५९ मध्ये तिथे ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि दोन-तीन वर्षांत राज्यभर पसरली. एकेकट्या माणसाला शिकवायचं नाही, अख्खं गावच साक्षर करायचं, ही तिची कल्पना. शिकवणारे गावातलेच, प्राथमिक शिक्षक आणि शिकलेली पोरं, तीही बिनपगारी. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ. त्यामुळे शिकणं ही गावाच्या अब्रूची गोष्ट झाली. सोहळा संपल्यावर मात्र वाचायला हाती काही नसलं की बाराखडी विसरायला वेळ लागत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी झालंही तसंच.

त्यानंतर दिल्लीहून एकामागून एक योजना आल्या: १९७८चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८चं साक्षरता अभियान, २००९चं साक्षर भारत. नावं बदलत गेली, पण रात्रीचा वर्ग आणि दिवसभर राबून आलेली, पेंगुळलेली माणसं तीच राहिली.

या सगळ्यात सहीने भलताच गोंधळ घातला. जनगणनेच्या व्याख्येत समजून वाचता आणि लिहिता येणारा तो साक्षर. व्यवहारात मात्र अंगठ्याची शाई सुटली की सुटलो, असं वाटायचं. माझी आजी सही रांगोळीसारखी काढायची. आधी सगळ्या अक्षरांवर एक लांब रेघ, मग तिला खाली एकेक आकार टांगायचा. त्यातलं एखादं अक्षर वेगळं काढून दाखवलं, तर तिला ओळखू यायचं नाही.

माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायकांना हा अंगठा चांगलाच नडला. चेतना सिन्हांच्या पुढाकाराने त्यांनी महिला बँक काढायची ठरवली, पण प्रवर्तकांमध्ये अंगठे उठवणाऱ्या आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने अर्ज परत पाठवला. रडून झाल्यावर बायकांनीच वर्ग मागितले. दिवसाची कामं उरकून काही महिने अक्षरं गिरवली आणि पुन्हा मुंबई गाठली. तिथे अधिकाऱ्यांनाच त्यांनी आव्हान दिलं: व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करतो, तुमची माणसं कॅल्क्युलेटरशिवाय करतील का बघू! १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. हिशेब त्यांना आधीपासून येत होता, अडलं होतं फक्त अक्षरांपाशी.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची गरज निराळी होती. शिवजयंतीच्या उत्सवात इतर बायका वाचत असताना म्हाताऱ्यांना वाटलं, आपल्यालाही असं वाचता यायला हवं होतं. योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ते मनावर घेतलं आणि ८ मार्च २०१६ला तिथे आजीबाईंची शाळा भरली. साठी ते नव्वदीतल्या विद्यार्थिनी, गणवेश गुलाबी नऊवारीचा आणि वर्ग दुपारी, घरची कामं आटोपल्यावर.