दयाळाला वसंत कळतो कसा?

एप्रिलच्या पहिल्या रविवारी उजाडता उजाडता आम्ही चौदा जण कर्नाळ्याच्या जंगलात शिरलो. पनवेलपासून बारा-एक किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाला खेटून असलेलं हे अभयारण्य १९६८ सालचं. क्षेत्रफळ अवघं १२.११ चौरस किलोमीटर, आणि वर डोक्याशी कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका. पहिली वीस मिनिटं नवख्या मंडळींच्या दुर्बिणी नुसत्या पानांवरून फिरत राहिल्या. शेवटी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या काकू म्हणाल्या, "दुर्बिणी खाली करा बघू. आधी कान लावा."

कान लावले, आणि निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावरून दयाळ ऐकू आला.

काळा-पांढरा, शेपटी उभारून बसणारा हा पक्षी आपल्या परसात बारा महिने असतो. पण थंडीत त्याच्या तोंडून बहुधा 'चर्र' असा खरखरीत आवाज तेवढा निघतो. मग मार्च लागतो आणि हाच पठ्ठ्या पहाटेपासून ताना घेऊ लागतो. दोन महिन्यांत असं काय घडतं? गटातल्या एका मुलानं लगेच उत्तर दिलं, "ऊन वाढलं!" उत्तर चुकीचं आहे, पण फार नाही. ऊन किती तापलं यापेक्षा ते किती वेळ राहिलं, हा हिशेब पक्षी ठेवतात.

हे पहिल्यांदा नीट दाखवलं कॅनडातले शास्त्रज्ञ विल्यम रोवन यांनी. १९२४ च्या शरदात एडमंटनमध्ये त्यांनी जुंको नावाचे चिमणीएवढे पक्षी उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि संध्याकाळी दिवे लावून त्यांचा दिवस रोज थोडा थोडा लांबवला. बाहेर हाडं गोठवणारा हिवाळा, पण या पक्ष्यांची प्रजननेंद्रियं वसंतासारखी वाढली. पुढच्या दशकात फ्रान्समध्ये झाक बनवा यांनी बदकांवर प्रयोग केले, त्यांतून तर आणखी विचित्र गोष्ट कळली: दिवस मोजायला पक्ष्याला डोळ्यांची गरजच नसते. प्रकाश कवटीतून झिरपून मेंदूच्या तळाशी पोचतो आणि तिथल्या पेशी तो ओळखतात. म्हणजे शेंड्यावरचा तो दयाळ अक्षरशः डोक्यानं ऊन मोजत होता.

इथे शंका येते, आणि ती रास्त आहे. एडमंटनला उन्हाळ्यात दिवस सतरा तासांचा होतो, हिवाळ्यात साडेसातचा. आपल्याकडे सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या दिवसात फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. मार्चमध्ये दिवस रोज मिनिटभरानं वाढतो. एवढ्यानं कुणाला काय कळणार? याचं उत्तर १९९८ साली पनामाच्या जंगलातून आलं. तिथल्या मुंगीपाखरू (अँटबर्ड) नावाच्या एका छोट्या पक्ष्याला प्रयोगशाळेत फक्त सतरा मिनिटं मोठा दिवस दिला, तर त्याची प्रजननेंद्रियं वाढली आणि गाणंही वाढलं. सतरा मिनिटं! आपल्या मार्चमधले पंधरा दिवस.

पुढची साखळी संप्रेरकांची. मेंदूकडून इशारा जातो, वृषणं फुगतात, टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि ते परत मेंदूवरच काम करतं. फर्नांडो नॉटेबोम यांनी १९८१ मध्ये कॅनरी या गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूत गाण्याचं काम बघणारा एक भाग मोजला, तर वसंतात तो शरदातल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट भरला. हंगाम सरला की तो पुन्हा आक्रसतो. मोठा मेंदू बाळगणं महाग असतं, उडणाऱ्याला तर फारच.

आम्ही पुढे निघालो. तांबट पक्ष्याची 'टुक टुक टुक' चालू होती. चोच मिटलेली आणि गळ्याची कातडी ठोक्यागणिक फुगतेय, असं त्याचं गाणं. वाळक्या फांदीत तो स्वतः भोक कोरून अंडी घालतो. आपण मात्र सोसायटीच्या आवारातली वाळकी फांदी आधी तोडतो!

सगळ्यांचा वसंत एकाच वेळी येतो, असंही नाही. सुगरण पावसाची वाट बघते, कारण विणायला हिरवं लांब गवत आणि पिलांना किडे तेव्हाच मिळतात. पावशा आत्तापासून 'पेरते व्हा, पेरते व्हा' करतो, पण त्याच्या मादीची पेरणी सातभाई या दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यात. तिची अंडीही सातभाईच्या अंड्यांसारखीच निळी. म्हणजे पावशाला पंचांग दोन घरांचं बघावं लागतं: आपलं आणि यजमानाचं.

तेवढ्यात कुणीतरी मोबाइलवर दयाळाचं गाणं लावलं. पक्षी तीरासारखा आला आणि आमच्या डोक्यावर फांदी-फांदीवर नाचत तावातावानं गाऊ लागला. फोटो उत्तम आले. मला ते आवडलं नाही. त्याच्या लेखी हद्दीत दुसरा नर घुसला होता, आणि नसलेल्या शत्रूशी भांडण्यात त्याची सकाळची शिदोरी संपत होती. विणीच्या हंगामात हा खेळ करू नये. काकूंनी ते कमी शब्दांत आणि जास्त प्रभावीपणे सांगितलं.

परतताना पनवेलच्या एसटी स्टँडवर चहा घेत होतो. समोरच्या झाडावर एक कावळा तारेचा तुकडा घेऊन घरटं बांधत होता, आणि दोन फांद्या वर कोकीळ ओरडत होता. गाण्यांमध्ये 'कोकिळा गाते' असतं, पण ती कुहू नराचीच. नर ओरडून कावळ्यांना मागे पळवतो आणि तेवढ्यात मादी अंडं घालून मोकळी होते. ते अंडं कावळ्याच्या अंड्याच्या दोन-तीन दिवस आधी उबतं, म्हणून कोकिळाची वेळ कावळ्याच्या वेळेशी घट्ट बांधलेली. कावळ्यानं तार टाकली आणि कोकिळाच्या मागे लागला. ठिपक्यांची मादी आम्ही बरीच शोधली. ती काही दिसली नाही.