हीथवर चढ नव्हे, वाळू दमवते

ऑगस्ट सरत आला की उत्तर जर्मनीतल्या मराठी मंडळींच्या स्टेटसवर जांभळे माळ दिसू लागतात. हॅम्बुर्गच्या दक्षिणेला पसरलेला ल्युनेबुर्गर हाइडे हा हीथ, म्हणजे झुडपी माळ, तेव्हा हेदरच्या बुटक्या झुडपांनी फुललेला असतो. मधूनमधून बर्च आणि पाइनची बनं. इथली सर्वांत उंच टेकडी विल्सेडर बेर्ग, 169 मीटर. कळसूबाई 1646 मीटर. सह्याद्रीत तयार झालेला ट्रेकर हे आकडे बघतो आणि म्हणतो, यात काय, पंचवीस किलोमीटर म्हणजे पाच तास, दुपारच्या जेवणाला परत. संध्याकाळी पोटऱ्या धरून बसल्यावर मात्र तो हवेला दोष देतो.

चढाबद्दलचा त्याचा अंदाज खरं तर बरोबरच असतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892मध्ये साधा हिशेब मांडला होता: दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. म्हणजे ढोबळमानाने ताशी 5 किलोमीटर आणि 600 मीटर चढाला एक तास. हाइडेवरच्या उंडेलो गावाहून निघून विल्सेडे गाव, विल्सेडर बेर्ग, टोटेनग्रुंडची दरी असं फिरून परत यायचं. अंतर 25 किलोमीटर आणि लहानसहान चढ मिळून 300 मीटर धरू. उत्तर येतं साडेपाच तास.

यातला अर्धा तासही फार धरायचं कारण नाही. भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टॉब्लर यांनी 1993मध्ये चालण्याच्या वेगाचं सूत्र दिलं: वेग = 6 × ई^(−3.5 × |चढ + 0.05|). इथे ई म्हणजे सुमारे 2.718 आणि चढ म्हणजे उंची भागिले आडवं अंतर, उतार असेल तर उणे. त्यातला 0.05 महत्त्वाचा. माणूस सर्वांत वेगाने सपाटीवर चालत नाही, 5 टक्के उतारावर चालतो, ताशी 6 किलोमीटरने. सपाटीवर वेग सुमारे 5.04. आता 3 टक्क्यांचा चढ घ्या: 4.53. तितकाच उतार: 5.59. दोन्ही सारख्या अंतराचे असतील तर सरासरी निघते जवळजवळ 5. चढावर गमावलेलं उतारावर परत! चढउतार 10 टक्क्यांचे झाले की हीच सरासरी 4.16वर घसरते, कारण तीव्र उतारावर गुडघ्यांना ब्रेक लावावे लागतात. हाइडेवरचे चढ बहुतेक पहिल्या जातीचे, म्हणजे जवळपास फुकटचे.

मग पोटऱ्या कशाने भरतात? पायाखाली बघा. हिमयुगातल्या हिमनद्यांनी आणि त्यांच्या वितळत्या पाण्याने इथे वाळू आणून टाकली. माणसांनी जंगल तोडलं, मेंढ्या चारल्या, वरची माती गवतमुळांसकट खरवडून शेतात नेली. त्या नापीक, आम्लधर्मी वाळूत हेदर टिकतं. ‘हाइडश्नुके’ जातीच्या मेंढ्यांनी चरणं थांबवलं तर काही वर्षांत तिथे बर्च-पाइन माजतील. म्हणजे हे सुंदर ‘निसर्गदृश्य’ मुळात शेतकऱ्यांनी घडवलेलं आहे, हे जाता जाता.

चालताना आपलं शरीर उलट्या लोलकासारखं वागतं. टेकलेला पाय हा दांडा, वर धड. धड वर जाताना गती कमी होते, खाली येताना ती परत मिळते. गतिज आणि स्थितिज ऊर्जेची ही देवाणघेवाण चांगली जमली की स्नायूंचं बरंच काम वाचतं. त्यासाठी दांड्याचं टोक पक्कं हवं. भुसभुशीत वाळूत टाच रुतते, कण एकमेकांवर घासत बाजूला सरकतात आणि ती ऊर्जा उष्णता होऊन संपते. पुढच्या पावलाला त्यातलं काहीच मिळत नाही. शिवाय रेटा देताना पाय मागे घसरतो, स्नायू आकुंचन पावतात पण काम कमी होतं. अमेरिकी लष्करासाठी संशोधन करणाऱ्यांनी 1972मध्ये कुठल्या जमिनीवर चालायला किती पट ऊर्जा लागते याचे गुणांक काढले होते: डांबरी रस्ता 1, मातीचा रस्ता 1.1, दलदल 1.8, सैल वाळू 2.1. होय, दलदलीपेक्षा वाळू महाग. 1998मध्ये बेल्जियममधल्या मोजणीत तर वाळूत चालण्याचा खर्च 2.1 ते 2.7 पट भरला.

आता माझा आवडता हिशेब. कठीण जमिनीवर दर किलो वजनामागे, दर मीटरला सुमारे 2 ज्यूल लागतात. वाळूत 2.1 पट, म्हणजे किलोमीटरमागे जादा 2200 ज्यूल. चढताना स्नायूंची कार्यक्षमता 25 टक्के धरली तर एक मीटर उंची गाठायला दर किलोमागे 9.8 भागिले 0.25, म्हणजे 39 ज्यूल लागतात. भागाकार करा: एक किलोमीटर वाळू म्हणजे 56 मीटर चढ. वजन हिशेबातून गळालं, त्यामुळे बारीक-जाड सगळ्यांना हेच लागू. दहा किलोमीटर वाळू तुडवली तर आतकरवाडीतून जवळजवळ सिंहगड चढल्यासारखं. फरक इतकाच की या चढाला उतार नाही. नेस्मिथच्या मापाने वेळ तासाभराने वाढते.

अनवाणी वाळूत चालून ‘पृथ्वीची ऊर्जा शरीरात घेण्याचं’ खूळ सध्या जोरात आहे. घेणारी वाळू असते, देणारे तुम्ही.

आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर नशीब समजा. कणांमधल्या पाण्याच्या इवल्या पुलांना पृष्ठताण घट्ट धरतो आणि वाळू पक्की होते. पार भिजून चिखल झाली की हा फायदा जातो. विल्सेडेच्या वाटांवर मोटारींना बंदी आहे, पण घोडागाड्या फिरतात आणि टापांनी वाळू पुन्हा मोकळी होते. म्हणून वाळूचा मोठा टप्पा सकाळीच उरकावा, थकल्यावर बनातली घट्ट वाट असावी. पाच तास चालणं, एक तास वाळूचा, दीड तास थांबण्याचा: नऊला निघालात तर साडेचार वाजतील. सूर्य रात्री आठनंतर मावळतो, तेव्हा घाई नाही. पाणी मात्र सॅकमधूनच न्या, वाळूत पाऊस झिरपून जातो, वाटेत झरे मोजकेच. आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत गोचीड चिकटलाय का ते पाहा. लाइम रोगाचे जंतू त्याच्यात असू शकतात, आणि तो जितक्या लवकर काढाल तितका धोका कमी.