संशोधन सॉफ्टवेअर अभियांत्रिकी

वैज्ञानिक संशोधनाला लागणारे सॉफ्टवेअर लिहिणे, तपासणे, वेगवान करणे आणि पुढच्या वापरासाठी सांभाळणे हा व्यवसाय. विद्यापीठात हे काम करणाऱ्यास संशोधन सॉफ्टवेअर अभियंता म्हणतात. ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर’ या इंग्रजी नावावरून आरएसई हे लघुरूप रूढ आहे. संगणक केंद्राचा व्यवस्थापक यंत्र चालू ठेवतो; त्या यंत्रावरची आज्ञावली अभिप्रेत समीकरणच सोडवते आहे ना, हे पाहण्याचे काम अभियंत्याचे. पोस्ट-डॉक्टरेट संशोधक आणि अभियंता यांच्यातील सीमारेषा मात्र पुसट आहे. अनेक अभियंते भौतिकी, रसायनशास्त्र वा जीवशास्त्रात पीएच.डी. करून या कामाकडे वळलेले असतात.

उगम : पदनाम २०१२ चे, याबद्दल फारसे दुमत नाही. ब्रिटनमधील सॉफ्टवेअर सस्टेनेबिलिटी इन्स्टिट्यूटने (स्थापना २०१०) त्या वर्षी ऑक्सफर्ड येथे भरवलेल्या कार्यशाळेतील चर्चेतून ते पुढे आले. विद्यापीठांत कोड लिहिणाऱ्यांची नेमणूक संशोधक म्हणून होई आणि बढती शोधनिबंधांच्या संख्येवर ठरे, ही त्या चर्चेतील मुख्य तक्रार होती. त्याच वर्षी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये या कामासाठी स्वतंत्र गट सुरू झाला.

प्रत्यक्ष कामाचा आरंभ कुठे धरायचा, हा प्रश्न वादाचा आहे. एका मताने तो केंब्रिजच्या एडसॅक संगणकापाशी (१९४९) जातो. विल्क्स, व्हीलर व गिल यांनी तेथे उपआज्ञावलींचा सामायिक संग्रह उभारला. ठरीव गणिती कृतींच्या कागदी फिती त्यातून घेऊन वापरकर्ते आपल्या आज्ञावलीला जोडत. जॉन बेनेट आणि स्फटिकशास्त्रज्ञ जॉन केंड्र्यू यांनी याच यंत्रावरील फूरिये संश्लेषणाच्या (स्फटिकाच्या मोजमापांवरून त्याची संरचना काढण्याच्या गणिती रीतीच्या) गणनेविषयी १९५२ मध्ये संयुक्त शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज्ञावलीकार आणि शास्त्रज्ञ यांच्या भागीदारीचे हे जुने उदाहरण. दुसऱ्या मताने आरंभ १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या सहयोगी गणनप्रकल्पांत आहे. त्यांपैकी प्रथिन-स्फटिकशास्त्राचा सीसीपी४ हा १९७९ चा. अनेक विद्यापीठांतून आलेल्या आज्ञावली एकत्र आणणे, त्यांच्या नोंदींचे स्वरूप जुळवणे आणि नव्या यंत्रांवर त्या चालत्या ठेवणे, हे तेथे नेमून दिलेले काम होते. एडसॅकवरील भागीदारी व्यक्तिगत होती; दुसऱ्याचा कोड सांभाळणे हीच नोकरी, अशी व्यवस्था या प्रकल्पांत दिसते. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. २०१२ मध्ये आधीपासून चालू असलेल्या कामाला हुद्दा मिळाला, एवढेच म्हणता येईल.

प्रसार : या अभियंत्यांची पहिली परिषद सप्टेंबर २०१६ मध्ये मँचेस्टर येथे झाली. ब्रिटनमधील संघटनेचे २०१९ मध्ये सोसायटी ऑफ रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग या नोंदणीकृत संस्थेत रूपांतर झाले. जर्मनी, नेदरलँड्स, अमेरिका, नॉर्डिक देश, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथेही संघटना आहेत. गरजेचा अंदाज देण्यासाठी १५ ब्रिटिश विद्यापीठांतील २०१४ च्या पाहणीचा दाखला नेहमी दिला जातो : ९२ टक्के संशोधक संशोधन सॉफ्टवेअर वापरत होते, ५६ टक्के ते स्वतः लिहीत होते आणि लिहिणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांनी त्याचे कसलेच प्रशिक्षण घेतलेले नव्हते. उत्तरे ४१७ जणांची होती, हे लक्षात ठेवून या आकड्यांकडे पाहावे.

कार्यपद्धती : हाती आलेला कोड बहुधा एकाच संशोधकाने काही वर्षांत वाढवत नेलेला असतो. तो लगेच सुधारायला घेणे ही नवशिक्याची चूक. आधी आहे तसाच कोड गिटसारख्या आवृत्ती-नियंत्रणात (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) टाकतात, कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली) व वापरलेल्या तयार कोड-संग्रहांच्या (लायब्ररी) आवृत्त्या टिपतात, प्रसिद्ध झालेल्या एखाद्या आलेखामागचा मूळ इनपुट मिळवतात आणि तोच निकाल पुन्हा येतो का ते पाहतात. तो निकाल संदर्भ म्हणून जपून ठेवतात व प्रत्येक बदलानंतर त्याच्याशी तुलना करतात. या तुलनेतून उत्तर बदललेले नाही एवढेच कळते. ते बरोबर आहे की नाही, हे कळत नाही.

बरोबर उत्तर आधी कुणालाच ठाऊक नसते, म्हणून पडताळणी आडमार्गाने करावी लागते. अचूक उत्तर असलेली सोपी समस्या कोडला देतात. वस्तुमान वा ऊर्जा अक्षय्य राहते का ते मोजतात. जाळीवर आधारित गणनेत जाळीचे अंतर निम्मे करतात. द्वितीय कोटीच्या पद्धतीत त्रुटी सुमारे एकचतुर्थांश व्हायला हवी. ती निम्मीच झाली, तर दोष बऱ्याचदा सीमा-अटींच्या, म्हणजे जाळीच्या कडांवर काय घडते ते सांगणाऱ्या, कोडमध्ये सापडतो.

तुलनेत किती फरक चालवून घ्यायचा, हा स्वतंत्र प्रश्न आहे. दुहेरी अचूकतेच्या संख्येत सार्थ अंकांसाठी ५३ बिट असतात, म्हणजे साधारण १६ दशमान अंक मावतात. प्रत्येक बेरजेचे उत्तर तेवढ्याच अंकांत बसवावे लागत असल्याने बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात. एकाच बेरजेची वाटणी ८ ऐवजी ६४ प्रक्रियांत केली, किंवा कंपायलरला गणिती क्रियांची फेरमांडणी करण्याची मुभा दिली, तरी हेच घडते. बिट-न्-बिट जुळणी मागितली तर निर्दोष बदलही नापास होतात; मर्यादा सैल ठेवली तर खरा दोष तिच्याआड लपतो. सुस्थित समस्येत (इनपुटमधील लहान फरकाने उत्तर फारसे न बदलणाऱ्या) १०⁻¹⁰ च्या आसपासच्या सापेक्ष फरकापासून सुरुवात करणे सोयीचे. हवामान किंवा रेणवीय गतिकी यांसारख्या, सुरुवातीचा सूक्ष्म फरक झपाट्याने वाढवणाऱ्या (केऑटिक) प्रणालींत ही तुलना काही पावलांपलीकडे निरर्थक ठरते. तेथे अनेक वेळा गणना करून सरासऱ्या आणि त्यांचा विस्तार ताडून पाहतात.

आज्ञावली मध्येच बंद पडली तर निदान दोष कळतो. निमूटपणे चुकीचे उत्तर मिळणे अधिक घातक. प्रथिनांच्या संरचनेवरील एका कामात प्रयोगशाळेतच वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीने दोन स्तंभांची अदलाबदल केली, त्यामुळे चिन्ह उलटले आणि संरचनेची डावी-उजवी बाजू पालटली. सायन्स या नियतकालिकातील तीन निबंध २००६ मध्ये मागे घ्यावे लागले. दुसरे उदाहरण एनएमआर (रेणूंची रचना ओळखण्याची चुंबकीय पद्धत) गणनेच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथन स्क्रिप्टचे. ग्लॉब हे फंक्शन फाइलींची यादी देते, पण तिच्या क्रमाची हमी देत नाही. स्क्रिप्टने मात्र विशिष्ट क्रम गृहीत धरला होता. तोच इनपुट वेगवेगळ्या कार्यप्रणालींवर वेगवेगळी उत्तरे देतो, हे २०१९ मध्ये उघड झाले. यादी आधी क्रमवार लावून घेणे एवढाच त्यावर उपाय होता.

वेग वाढवण्याआधी वेळ कुठे जातो ते प्रोफायलरने मोजतात. कामाचा ९५ टक्के भाग समांतर चालू शकत असेल, तर ॲमडॉलच्या नियमानुसार संगणकाच्या ६४ गाभ्यांवर (कोर) सुमारे १५ पट वेग मिळतो आणि कितीही गाभे दिले तरी २० पटीपलीकडे जात नाही. फोर्ट्रानमध्ये सारणी स्तंभशः साठवली जाते, त्यामुळे पहिला निर्देशांक सर्वांत आतल्या लूपमध्ये हवा. सी भाषेत याच्या उलट. सामायिक समूहसंगणकावरची (अनेक यंत्रे जोडून केलेल्या संगणकावरची) एक नेहमीची तक्रार लाखो लहान फाइलींमुळे येते. त्यांनी डिस्क भरत नाही, पण फाइलींची नोंद ठेवणारा सर्व्हर थकतो आणि सगळ्यांचीच कामे मंदावतात. अशा वेळी निकाल एचडीएफ५ सारख्या स्वरूपाच्या मोजक्या मोठ्या फाइलींत लिहितात. आज्ञावलीला लागणारे सारे सॉफ्टवेअर जसेच्या तसे दुसऱ्या यंत्रावर हलवायला कंटेनर वापरतात. डॉकर या कंटेनर-साधनाच्या सेवेला सामान्यतः मूळ-अधिकार (यंत्रावरचे सर्वाधिकार) लागत असल्याने समूहसंगणकांवर ॲपटेनर (पूर्वीचे सिंग्युलॅरिटी) अधिक प्रचलित आहे.

विद्यापीठातील स्थान : बहुतेक ठिकाणी मध्यवर्ती गट असतो आणि प्रकल्प आपल्या अनुदानातून अभियंत्याचा काही टक्के वेळ विकत घेतात. पूर्ण वेळ असा विकला गेला, तर जुन्या कोडची दुरुस्ती व प्रशिक्षण यांना कोणीच उरत नाही. वाटा दहा टक्क्यांवर आला, तर विषय समजून घेण्यातच तो संपतो. अनुदानाच्या अर्जातच अभियंत्याचा वेळ आणि सहलेखकत्व ठरवून घेणे इष्ट. नंतर ते केवळ आभारप्रदर्शनात जाते. प्रकल्प संपताना परवान्याची व उद्धरणाची फाइल कोडसोबत ठेवतात आणि निबंधात वापरलेली नेमकी आवृत्ती झेनोडोसारख्या भांडारात डीओआय (कायमस्वरूपी ओळखक्रमांक) घेऊन जमा करतात. परवाना नसलेला कोड दिसत असला, तरी तो वापरण्याचा हक्क इतरांना मिळत नाही.