परक्या युद्धात स्वखुशीने गेलेले: अल्बासेतेपासून राक्कापर्यंत

दुसऱ्याच्या देशातल्या युद्धात आपणहून उडी घेणारा माणूस काही महिन्यांत खचतो, तेव्हा त्याचे कारण आपण त्याच्या विचारसरणीत शोधतो. श्रद्धा होती, ती उडाली, एवढ्यावर विषय संपतो. पण स्पेनपासून सीरियापर्यंतची प्रकरणे शेजारी ठेवून पाहिली, तर अगदी व्यवहारातल्या गोष्टी पुढे येतात: पासपोर्ट कुणाकडे गेला, हाती कोणते हत्यार आले, शत्रू म्हणून कोण दाखवला गेला, आणि परतण्याची मुदत कुणी कधी सांगितली होती का. स्पेनच्या प्रजासत्ताकासाठी लढलेले आणि सीरियातल्या राक्कात राजधानी मांडलेल्या इस्लामिक स्टेटकडे गेलेले यांना एका तागडीत तोलणे हा अन्याय ठरेल. तरीही माणूस अडकतो कसा, हे दोन्हीकडे बरेच सारखे आहे.

जुलै 1936 मध्ये स्पेनच्या लष्करातील अधिकाऱ्यांनी लोकनियुक्त सरकारविरुद्ध बंड केले. हिटलर आणि मुसोलिनी बंडखोरांना विमाने व माणसे पुरवू लागले. ब्रिटन-फ्रान्सने ‘हस्तक्षेप नको’ म्हणत हात झटकले. तेव्हा कॉमिन्टर्नच्या, म्हणजे मॉस्कोतून चालणाऱ्या कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, पुढाकाराने आंतरराष्ट्रीय ब्रिगेड उभ्या राहिल्या आणि पन्नासहून अधिक देशांतून सुमारे 35 हजार स्वयंसेवक आले. बहुतेक कामगार होते, बेकारीतून आलेलेही पुष्कळ, आणि जर्मनी-इटलीतून परागंदा झालेले तर घरी जाऊच शकत नव्हते. भरतीचे मुख्य केंद्र पॅरिस. लंडनहून पॅरिसचे शनिवार-रविवारचे तिकीट काढले की पासपोर्ट लागत नसे, त्यामुळे शेकडो ब्रिटिश असेच निघाले. फेब्रुवारी 1937 मध्ये स्वयंसेवकांवर बंदी आली. मग रात्रीच्या अंधारात, दोरीच्या तळव्यांचे कापडी जोडे घालून, पिरेनीज पर्वत पायी ओलांडून स्पेनमधल्या फिगेरासच्या किल्ल्यात पोहोचायचे, हा रिवाज झाला.

स्पेनमधल्या अल्बासेते इथल्या ब्रिगेडच्या तळावर अनेकांची कागदपत्रे जमा करून घेतली गेली आणि कित्येकांना ती परत मिळालीच नाहीत. 1940 साली मेक्सिकोत स्टालिनचा विरोधक ट्रॉट्स्की याचा खून करणारा ज्या पासपोर्टवर वावरत होता, तो मुळात स्पेनमध्ये लढलेल्या एका कॅनेडियन स्वयंसेवकाचा होता. पासपोर्ट गेला की राजीनामा देण्याची सोय संपते. बहुतेकांची समजूत होती की आपण मर्जीने आलो, मर्जीने जाऊ. तळावर गेल्यावर कळे की युद्ध संपेपर्यंत थांबायचे आहे, आणि न सांगता निघालेला माणूस फरार.

त्यात लढाईची तयारी अपुरी. 12 फेब्रुवारी 1937 रोजी माद्रिदजवळच्या हारामाच्या खोऱ्यात ब्रिटिश बटालियनचे सुमारे 600 जण उतरले. मशीनगनच्या पट्ट्यांत चुकीची काडतुसे भरलेली निघाली आणि गरजेच्या वेळी मशीनगन मुक्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत लढण्याजोगे उरले सव्वादोनशेच्या आसपास. 27 तारखेला अमेरिकी लिंकन बटालियनला टेकडीवर चढाई करायला सांगितले. ठरलेली विमाने आणि रणगाड्यांची मदत आलीच नाही. वाचलेले जूनपर्यंत त्याच खंदकांत होते. चार महिने रजा नाही, बदली नाही. आमच्या मते निम्मा भ्रमनिरास या रजेच्या प्रश्नात आहे. माणूस मरणाला तयार होऊन आलेला असतो; आपला जीव हलगर्जीपणात जातो आहे, हे त्याला सोसत नाही. जुलैत माद्रिदजवळच्याच ब्रुनेतेच्या उन्हात तहानेने आणि गोळ्यांनी ब्रिटिश बटालियनचे तीनशेहून अधिक जण 42 वर आले.

दुसरा घाव आतून बसला. मे 1937 मध्ये बार्सिलोनाच्या रस्त्यांवर प्रजासत्ताकाचेच पक्ष एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. जूनमध्ये पूम या स्टालिनविरोधी मार्क्सवादी पक्षावर बंदी आली. त्याचे नेते आंद्रेउ निन यांना अटक करून मारण्यात आले. फॅसिस्टांशी लढायला आलेल्यांना कालच्या सोबत्याला ‘फॅसिस्ट हस्तक’ म्हणण्याची वेळ आली.

सगळेच मात्र खचले नाहीत. संघाचे पहिले सरकार्यवाह असलेले नागपूरचे गोपाळ मुकुंद उर्फ बाळाजी हुद्दार लंडनमार्गे ‘जॉन स्मिथ’ या नावाने ब्रिगेडमध्ये दाखल झाले. एप्रिल 1938 मध्ये गांदेसाजवळ ते पकडले गेले आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या मठातल्या तुरुंगात राहिले. त्याच वर्षी सुटून ते भारतात आले, ते साम्यवादाकडे वळूनच. फॅसिझमविरोध आणि इंग्रजांविरुद्धची लढाई त्यांच्या लेखी एकच होती आणि ती पुढे चालवायला त्यांच्यापाशी स्वतःचा देश होता. 28 ऑक्टोबर 1938 रोजी बार्सिलोनाने स्वयंसेवकांना निरोप दिला, तेव्हा जर्मन आणि इटालियनांना जायला घरच नव्हते. पुढच्या वर्षी त्यांतले अनेक जण फ्रान्सच्या गुर्स छावणीत तारेमागे होते.

हीच अडचण अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत फौजांविरुद्धच्या युद्धानंतर पुन्हा दिसते. 1984 मध्ये पेशावरमध्ये पॅलेस्टिनी धर्मगुरू अब्दुल्ला अझ्झाम आणि बिन लादेन यांनी अरब स्वयंसेवकांसाठी कचेरी उघडली. सोव्हिएत फौजा फेब्रुवारी 1989 मध्ये गेल्या आणि 1992 नंतर मुजाहिदीनांचे गट काबूलसाठी एकमेकांवर तुटून पडले. इजिप्त-अल्जीरियाकडे परतलेल्यांची वाट तुरुंग पाहत होता, म्हणून काही जण बोस्नियाला गेले.

सीरियात तेव्हाचे अध्यक्ष असद यांच्याविरुद्ध लढायला आलेल्या परदेशी तरुणांना जानेवारी 2014 पासून दुसऱ्या बंडखोर गटांवरच बंदूक रोखावी लागली. बार्सिलोनातला तिढा इथे आणखी रक्तरंजित झाला. 2016 मध्ये बाहेर आलेल्या इस्लामिक स्टेटच्या प्रवेश-अर्जांत 23 रकाने आहेत. लढवय्या व्हायचे की आत्मघातकी, हे दाराशीच नोंदवले जाई. पासपोर्ट इथेही जमा. पळणाऱ्याला शिक्षा मृत्यूची.

मे 2014 मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटातून बगदादला गेले आणि तिथून निसटून इस्लामिक स्टेटकडे पोहोचले. त्यांतला एक नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानमार्गे परतला आणि त्याला अटक झाली. लढाईऐवजी शौचालये साफ करणे आणि पाणी भरणे वाट्याला आले, असे त्याने तपासात सांगितल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या.