दारात पाय अडतो तेव्हा : पार्किन्सन्समध्ये चालण्याचा सराव

(घरी फिजिओथेरपी घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी)

पार्किन्सन्सला आपण कंपवात म्हणतो, पण चालणं बिघडतं ते कंपामुळे नव्हे. पाऊल आखूड होतं, टाच उचलत नाही, हात अंगाला चिकटून राहतात. एरवी चालताना आपण पावलांचा विचार करत नाही. मेंदूतलं डोपामाइन हे रसायन कमी झालं की नेमकं हे ‘आपोआप’ बंद पडतं. म्हणूनच जिना चढून आलेला माणूस न्हाणीघराच्या दारात खिळल्यासारखा उभा राहतो. जिन्याची पायरी डोळ्यांना दिसते, सपाट फरशीवर तसं काहीच नसतं. ते आपण करून द्यायचं.

पट्ट्या. फरशीहून वेगळ्या, ठसठशीत रंगाची दोन इंची चिकटपट्टी घ्या. पारदर्शक सेलोटेप चालणार नाही. दाराच्या अलीकडे तीन आणि पलीकडे दोन पट्ट्या आडव्या लावा. दोन पट्ट्यांत साधारण 45 सेंटिमीटर अंतर ठेवा, उंच माणसासाठी 55. पट्टीवर पाय द्यायचा नाही; ती ओलांडून टाच आधी टेकवायची. पट्टीची कड सुटली तर त्याच दिवशी बदला, नाहीतर पाय तिच्यातच अडकेल.

ठेका. एका मिनिटात सहज किती पावलं पडतात ते मोजा आणि मोबाइलवरचं मेट्रोनोम (टिक-टिक असा ठेका देणारं ॲप) तेवढ्यावरच लावा. पावलं आपोआप धावू लागत असतील तर आकडा थोडा कमी करा. ‘ज्ञानबा-तुकाराम’च्या गजरावरही छान चालता येतं, फक्त शेवटी गजर द्रुत होतो आणि पावलंही त्याच्यामागे पळतात. त्याआधीच बंद करा.

पाय अडलाच तर. पुढे रेटू नका, आधी पूर्ण थांबा. ताठ उभं राहून एक श्वास घ्या. वजन डाव्या-उजव्या पायावर दोन-तीनदा झुलवा आणि मग एकच मोठं पाऊल टाका. घरच्यांनी हात धरून ओढू नये: धड पुढे येतं, पाय जागेवरच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. “चला, लवकर!” म्हटल्यानेही पाय अधिकच अडतात. शेजारी उभं राहून “एक, दोन” मोजा किंवा त्यांच्या पावलापुढे आपलं पाऊल आडवं ठेवून “हे ओलांडा” म्हणा.

वळताना एका पायावर गिरकी घेऊ नका. मोकळ्या जागेत मोठा वळसा घ्या. ओट्यापाशी जागा नसेल तर घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणा आणि बारा, तीन, सहा असं पाऊल उचलत फिरा. वळताना बोलणं नको, हातात चहाचा कपही नको.

खुर्चीतून उठणं. बसण्याची उंची सुमारे 45 सेंटिमीटर हवी. खोल सोफा नको. बूड पुढे सरकवा, पाय गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं वाका आणि उठा. असं दहा वेळा, दिवसातून दोनदा. उठल्यावर घेरी येत असेल तर लगेच बसा आणि डॉक्टरांकडून उभ्याने रक्तदाब तपासून घ्या.

गोळीचा असर चांगला असतो तेव्हाच सराव करा. ती वेळ प्रत्येकाची वेगळी, आठवडाभर लिहून काढा. आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत हळूहळू पोचायचं; दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. गोळीचं प्रमाण मनाने बदलू नका. चालणं दोन-चार दिवसांतच एकदम ढासळलं तर व्यायाम वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा. बऱ्याचदा मूळ लघवीच्या संसर्गात सापडतं.

मोज्यांवर फरशीवरून चालू नका. पाय घासत चालणाऱ्यांना जाड रबरी तळ फरशीला चिकटून पाडतो. मागे पट्टा असलेली, पातळ तळाची चप्पल बरी. प्रत्येक पावलाला उचलावा लागणारा वॉकर चालण्याची लय मोडतो, म्हणून आम्हाला विचारल्याशिवाय विकत घेऊ नका.

पहिल्या भेटीला गोळ्यांच्या वेळांचा कागद, रोजच्या चपला आणि पाय कुठे-कुठे अडतो याची यादी तयार ठेवा.