सोळा मिलिसेकंदांचं बजेट: कमी पैशात गेमिंग कॉम्प्युटर जुळवताना

गेम सेकंदाला ६० फ्रेमच्या, म्हणजे ६० चित्रांच्या, वेगाने चालवायचा, तर प्रत्येक फ्रेम तयार करायला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या, म्हणजे १४४ हर्ट्झच्या, मॉनिटरला पुरेपूर फ्रेम पुरवायच्या असतील, तर जेमतेम ६.९४. तेवढ्या वेळात प्रोसेसरने शत्रू कुठे पोचला, गोळी कशाला लागली, कोणती भिंत दिसते आणि कोणती आड गेली हे ठरवायचं आणि काय काढायचं ते ग्राफिक्स कार्डाला कळवायचं. कार्डाने त्यावरून २० लाखांहून जास्त पिक्सेल रंगवायचे. कार्ड एक फ्रेम रंगवत असतं तेव्हा प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो. त्यामुळे वेग ठरवतो तो दोघांपैकी मागे पडणारा. प्रोसेसर ८ मिलिसेकंदांत मोकळा होतोय आणि कार्डाला २० लागतायत, तर सेकंदाला ५० फ्रेम मिळतील. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घातला तरी ५०च.

कमी पैशात पार्ट निवडण्याचं सगळं गणित इथून सुरू होतं. म्हणून यादीत सर्वात वर मॉनिटर लिहावा, कारण कार्डावर किती ओझं पडणार हे तो ठरवतो. १९२० × १०८० रिझोल्यूशनमध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० × १४४० मध्ये ३६.९ लाख आणि ४के मध्ये ८२.९ लाख, म्हणजे पहिल्याच्या चौपट. रिझोल्यूशन वाढलं की कार्डाचं काम झपाट्याने वाढतं, प्रोसेसरचं मात्र जवळजवळ तेवढंच राहतं. हात आखडता असेल तर १०८०पी हाच शहाणपणाचा पल्ला. याच गोष्टीचा उपयोग तपासणीसाठीही होतो. जुन्या कॉम्प्युटरवर गेमचं रिझोल्यूशन कमी करून पाहा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं, तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर.

एकूण खर्चातला मोठा वाटा, साधारण ४० टक्के, ग्राफिक्स कार्डाला द्यावा. पण नुसत्या नावावर जाऊ नये. एकाच नावाखाली वेगवेगळी कार्डं विकली जातात. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० चा १२ जीबीचा अवतार आपल्या मेमरीशी सेकंदाला ३६० जीबी वेगाने बोलतो, तर ८ जीबीचा २४० जीबीने. आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी अवतारात मेमरी तर कमी आहेच, आतले कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे भागही, ८ जीबीवाल्यापेक्षा कमी आहेत. त्याची जमेची बाजू एवढीच की तो ७० वॅटमध्ये चालतो, त्यामुळे साध्या ऑफिस कॉम्प्युटरलाही बसतो.

कार्डावरची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, आज ८ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. ती भरली की गेम बंद पडत नाही, आणि गोम तिथेच आहे. उरलेला माल कॉम्प्युटरच्या रॅममध्ये ठेवला जातो आणि लागेल तेव्हा, मदरबोर्डवर कार्ड जिथे बसतं त्या, पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून ओढावा लागतो. हा रस्ता किती अरुंद असू शकतो याचं उदाहरण म्हणजे २०२२ साली आलेलं एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी. मेमरी ४ जीबी आणि स्लॉटशी जोडणाऱ्या लेन फक्त ४. पीसीआय एक्सप्रेसच्या ४.० या आवृत्तीच्या मदरबोर्डवर त्याला सेकंदाला सुमारे ७.९ जीबी मिळतात, ३.० च्या बोर्डवर ३.९. समजा एखाद्या वळणावर २०० एमबी टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) अचानक लागलं. ३.९ च्या रस्त्याने ते यायला ५१ मिलिसेकंद लागतील, म्हणजे तीन फ्रेमचा वेळ. खेळणाऱ्याला हा झटका स्पष्ट जाणवतो. ८ लेनच्या आरएक्स ६६०० ला पीसीआय ४.० वर हेच काम १३ मिलिसेकंदांत जमतं, आणि ८ जीबी मेमरीमुळे मुळात अशी वेळ कमी येते. म्हणून चाचण्यांचे आकडे वाचताना सरासरीपेक्षा ‘१ टक्का लो’ हा आकडा आधी पाहावा. सर्वात संथ फ्रेम त्यात दिसतात. सरासरी ७० आणि १ टक्का लो २५ असलेल्या कार्डापेक्षा सरासरी ६२ आणि १ टक्का लो ५० असलेलं कार्ड केव्हाही बरं.

प्रोसेसरच्या बाबतीत ६ कोअर, १२ थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं) एवढं पुरतं. त्यापुढचे कोअर बहुतेक गेम नीट वापरतच नाहीत. कॅशेकडे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण वेगवान मेमरीकडे, मात्र लक्ष द्यावं. गेमचा डेटा मेमरीत विखुरलेला असतो आणि रॅममधून एखादी गोष्ट आणायला साधारण ८० नॅनोसेकंद जातात. ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात ३२० ठोके पडून जातात. हवं ते कॅशेमध्येच सापडलं की हा वेळ वाचतो. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये एल३ कॅशे ३२ एमबी आहे, तर नावाने जवळच्या ५५०० मध्ये १६ एमबी. शिवाय ५५०० पीसीआय ३.० वरच थांबतो, म्हणजे वरच्या अरुंद रस्त्याची अडचण पुन्हा आलीच. इंटेलकडे आय५-१२४००एफ हा याच तोलाचा. नावातल्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स नाही, त्यामुळे वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

रॅम १६ जीबी, आणि तीही ८-८ च्या दोन पट्ट्यांची घ्यावी. डीडीआर४-३२०० (प्रकार डीडीआर४, वेग ३२००) ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन चॅनेलमध्ये, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या मार्गांवर, दोन लावल्या की ५१.२. चार स्लॉटच्या बोर्डवर बहुधा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये त्या लावायच्या असतात. शेजारी-शेजारी लावल्या तर बहुतेक बोर्डांवर एकच चॅनेल चालतो. दुसरी नेहमीची चूक अशी की ३२०० ची रॅम घेऊनही ती २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते, कारण बायोसमधला (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगचा प्रोग्रॅम) एक्सएमपी हा, रॅम पूर्ण वेगाने चालवणारा, पर्याय कुणी चालू केलेला नसतो. सध्या कार्ड न घेता ५६००जी सारख्या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर काम भागवणार असाल, तर या दोन गोष्टी दुप्पट महत्त्वाच्या, कारण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते.

मदरबोर्डवर जास्त खर्च करू नये. सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) आणि रॅमचा प्रकार जुळायला हवा: एएमडीच्या एएम४ सॉकेटला डीडीआर४, एएम५ ला डीडीआर५. एएम४ चा बी४५० बोर्ड पीसीआय ३.० चा आहे, बी५५० वर कार्डाला ४.० मिळतं. जुन्या बायोसचा बी४५० बोर्ड ५६०० ला ओळखत नाही आणि स्क्रीन काळी राहते. प्रोसेसर न लावता बायोस बदलण्याचं फ्लॅशबॅक बटण असलेला बोर्ड घ्यावा किंवा विकणाऱ्याकडूनच अपडेट करून घ्यावं.

साठवणीसाठी एसएसडीच. ७२०० आरपीएमच्या हार्डडिस्कला एक फेरी पूर्ण करायला ८.३३ मिलिसेकंद लागतात, वर हेड सरकण्याचा वेळ. म्हणजे डेटाचा एक तुकडा शोधण्यातच फ्रेमचं बजेट संपत आलं. साटा (जुनी जोडणी) आणि एनव्हीएमई (पीसीआय एक्सप्रेसवरची वेगवान जोडणी) एसएसडींमध्ये कागदावर सेकंदाला ५५० विरुद्ध ३५०० एमबी असा फरक असतो, पण गेम सुरू होण्याच्या वेळेत तो बराच कमी जाणवतो. पट्टीसारखी एसएसडी बसते तो एम.२ स्लॉट यातला कोणता प्रकार घेतो ते मदरबोर्डच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावं, दोन्ही दिसायला जवळजवळ सारखेच असतात.

जिथे काटकसर करूच नये तो पार्ट म्हणजे एसएमपीएस, सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा. ५६०० जास्तीत जास्त ७६ वॅट घेतो, आरएक्स ६६०० साधारण १३२, बाकी सगळं मिळून ५० धरा. बेरीज २६० च्या आसपास. तरी ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस लागतो, कारण कार्डाची मागणी काही मिलिसेकंदांसाठी सरासरीच्या बरीच वर उसळते. ती पेलली नाही तर संरक्षण यंत्रणा काम करते आणि ऐन खेळात कॉम्प्युटर बंद पडतो. लेबलवरच्या मोठ्या आकड्याऐवजी १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर वाचा. ‘५०० वॅट’ लिहिलेल्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला २५ अँपिअर असतील, तर कार्ड आणि प्रोसेसरसाठी तो ३०० वॅटचाच आहे. ८० प्लस हे चिन्ह वीज किती कमी वाया जाते ते सांगतं, आतल्या संरक्षणाबद्दल काही सांगत नाही.

कार्डाला लागणारी ८ पिनची वायर एसएमपीएसमधूनच निघालेली हवी. साटाच्या वायरीवरून ८ पिन करून देणारे जोड मिळतात, ते वापरू नका. साटा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटपर्यंतच झेपवतो आणि ८ पिनमधून कार्ड १५० वॅट मागू शकतं. जोड तापून वितळतो. तसंच एका मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या होणाऱ्या, एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्याला लावू नयेत. खाच जुळते, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. तसं झालं तर ड्राइव्ह जळतात.

कॅबिनेट पुढून जाळीचं असावं. काचेचा बंद दर्शनी भाग देखणा असला तरी आत दोनशेहून अधिक वॅट उष्णता कोंडली जाते, मग कार्ड आणि प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतात आणि मोजून घेतलेले मिलिसेकंद हातचे जातात. पुढे आत हवा घेणारा एक पंखा आणि मागे बाहेर फेकणारा एक एवढं पुरतं. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का ते खरेदीआधीच मोजून घ्या. वेगळा कूलर घेतला असेल तर त्याच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका.

जोडणी झाल्यावर कार्ड अगदीच सुस्त वाटलं, तर मॉनिटरची वायर आधी बघा. ती मदरबोर्डच्या पोर्टमध्ये असेल तर चित्र प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सकडून येतंय. वायर खाली आडव्या ओळीत असलेल्या कार्डाच्या पोर्टमध्ये लावा. त्यानंतर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट पाहा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर पुष्कळदा ६० वरच चालू असतो, तो १४४ वर न्यावा लागतो.